जन्मभूमीत पाहुणा: सॅम्युअल सूअलची १६८९ ची इंग्लंडवारी मराठीत आणताना

तुमचं टिपण दोनदा वाचलं. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतल्या, बॉस्टनच्या सॅम्युअल सूअलनं १६८८-८९ मध्ये इंग्लंडची वारी केली. त्या वारीच्या रोजनिशीचं मराठी भाषांतर तुम्ही हाती घेतलंय आणि तीन ठिकाणी अडला आहात. एक म्हणजे तारखा. नोव्हेंबर १६८८ मध्ये बोटीवर चढलेला माणूस जानेवारीत डोव्हरला उतरतो, तरी इंग्रजांच्या हिशेबी १६८८ च चालू असतं. दुसरी अडचण साध्या शब्दांची. ते ओळखीचे वाटतात, पण वाक्यात बसवले की अर्थ लागत नाही. तिसरी अडचण तुम्हाला सगळ्यात जास्त छळते आहे असं दिसतं. इंग्लंडात एक राजा पळालाय, दुसरा गादीवर येतोय, आणि हा गृहस्थ लिहितो बायकोनं दिलेल्या खाण्याबद्दल, कुणाच्या तरी प्रवचनाबद्दल, दफनभूमीच्या रखवालदाराबद्दल. ‘थोडं गाळलं आणि थोडं फुलवलं तर चालेल का?’ असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालणार नाही. जुन्या रोजनिश्या आणि पत्रव्यवहार यांत माझी तीस वर्षं गेली, आधी मोडी कागद आणि मग इंग्रजी. एवढ्या काळात कुठलीही रोजनिशी फुलवल्यानं सुधारलेली मी पाहिलेली नाही. सूअलच्या बाबतीत तर तुम्हाला जे कोरडं वाटतंय त्यातच सगळं आहे. नऊ वर्षांचा असताना तो इंग्लंड सोडून गेला आणि ३६ व्या वर्षी परत आला. वसाहतींतले लोक इंग्लंडला जाण्याला ‘घरी जाणं’ म्हणत. पण डोव्हरला पाय टेकल्यापासून हा माणूस दिसेल ती गोष्ट बॉस्टनच्या मापानं मोजतो, आणि आपण मोजतोय हे त्याच्या ध्यानातही येत नाही. हे मोजणं मोठ्या घटनांच्या वर्णनात सापडत नाही. ते सापडतं दीड-दोन ओळींच्या नोंदींत. त्या गाळल्या तर हाती उरेल ती स्थळांची यादी.

आधी माणूस नीट समोर ठेवू. सूअलचा जन्म २८ मार्च १६५२ चा, हॅम्पशायरमधल्या बिशपस्टोक गावचा. १६६१ मध्ये कुटुंब न्यू इंग्लंडला गेलं. १६७१ मध्ये तो हार्वर्डची पदवी घेऊन बाहेर पडला. १६७६ मध्ये हॅना हल हिच्याशी त्याचं लग्न झालं. सासरा जॉन हल म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या टांकसाळीचा प्रमुख आणि बॉस्टनमधला बडा व्यापारी. घरात पैसा होता, मान होता. मग १६८४ मध्ये राजानं मॅसॅच्युसेट्सची सनद, म्हणजे वसाहतीला आपला कारभार चालवायला दिलेला अधिकार, रद्द केली आणि १६८६ मध्ये सर एडमंड अँड्रॉस गव्हर्नर म्हणून येऊन बसला. जुन्या सनदेखाली मिळालेल्या जमिनींची मालकी आता पक्की मानता येणार नाही, नव्यानं पैसे भरून पट्टे करून घ्या, असा त्याचा पवित्रा होता. आपल्याकडं इनामांच्या चौकशीच्या काळात इनामदारांची जी तारांबळ उडाली, ती आठवली तर बॉस्टनमधली घालमेल समजेल. इन्क्रीस मॅदर हे धर्मोपदेशक सनदेसाठी दाद मागायला १६८८ च्या वसंतात लंडनला पोचले होते. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला सूअलही निघाला. जहाजाचं नाव होतं ‘अमेरिका’. घराण्याचे जमिनीचे व्यवहार, सासऱ्यामागचे व्यापारातले धागे आणि जमलं तर मॅदरना हातभार, अशी त्याची कामं होती.

निघाल्यावर थोड्याच दिवसांत, अटलांटिकवर, एक नोंद येते. बायकोनं बरोबर दिलेली पेस्टी त्यानं खाल्ली. पेस्टी म्हणजे सारण भरून भाजलेला पिठाचा पदार्थ. आणि लगेच तो लिहितो की तिच्या आठवणीनं काळीज चिरल्यासारखं होतं. नोंद तिथंच संपते. तुमच्या मसुद्यात ही नोंद ‘प्रवासात त्याला पत्नीची तीव्र आठवण येई’ अशी झाली आहे. कृपा करून ती परत मुळासारखी करा. पदार्थ गेला की आठवणीचं कारणच जातं. मराठीला इथं काहीही नवं करावं लागत नाही. ‘बायकोच्या हातची पेस्टी खाल्ली’ यातला ‘हातची’ हा एक शब्द पुरतो. महिनाभर ज्यानं डबा पुरवून पुरवून खाल्लाय अशा कुठल्याही मराठी माणसाला ते वाक्य उलगडून सांगावं लागणार नाही.

डोव्हरला तो उतरला १३ जानेवारीला. वार रविवार, म्हणजे सूअलसारख्या प्युरिटनांचा, त्या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा, सब्बाथ, प्रार्थनेचा दिवस. राजकारणात काय घडलं ते किनारा जवळ येता येता दुसऱ्या जहाजांकडून कानावर आलेलंच होतं. उतरल्यावर त्या दिवशीची त्याची नोंद प्रवचनाची आहे. गॉफ नावाच्या उपदेशकाचं प्रवचन ऐकलं, आणि जागा कुठली, तर माल्ट-हाउससारखी. माल्ट-हाउस म्हणजे बिअरसाठी जव भिजवून, मोड आणून वाळवायची वखार. तुम्ही इथं ‘प्रार्थनास्थळ’ लिहिलंय. ते काढा. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना इंग्लंडात त्या आधी पाव शतकाहून जास्त काळ कायद्याचा जाच होता. त्यामुळे ही मंडळी मिळेल त्या छपराखाली जमत. बॉस्टनमध्ये सूअलच्या पंथाची प्रार्थनाघरं गावाच्या मध्यभागी होती, गावाचा कारभारही त्याच पंथाच्या माणसांच्या हाती होता. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी त्याचे धर्मबंधू वखारीत बसलेले त्याला दिसतात. त्यावर तो एकही शब्द बोलत नाही, फक्त जागेचं नाव लिहितो. तेवढं नाव भाषांतरात टिकायलाच हवं.

आणि ते टिकलं तरच पुढची कँटरबरीची नोंद बोलू लागते. इंग्लंडातलं मुख्य कॅथीड्रल पाहून तो म्हणतो की इमारत फार उंच आणि भव्य आहे, पण तिचा उपयोग थोडा. अनेकांनी हे वाक्य प्युरिटन माणसाच्या रुक्षपणाचा नमुना म्हणून वापरलंय. मला तसं वाटत नाही. काही दिवसांपूर्वी वखारीत दाटीवाटीनं बसून प्रवचन ऐकलेला माणूस एवढ्या रिकाम्या दगडी पोकळीत उभा राहिला तर त्याच्या मनात जागेच्या उपयोगाचाच विचार येणार. ‘उपयोग’ हाच शब्द ठेवा. ‘निरर्थक’ किंवा ‘व्यर्थ’ लिहिलंत तर तो टीका करतोय असं वाटेल, आणि तो फक्त हिशेब मांडतोय.

आता राज्यक्रांतीबद्दलचं मौन. काळाची सांगड एकदा घालून घ्या. पुढं राजा झालेला ऑरेंजचा विल्यम ५ नोव्हेंबर १६८८ ला इंग्लंडच्या किनाऱ्यावर टॉरबेला उतरला. म्हणजे सूअल बॉस्टनहून निघाला तेव्हा त्या घटनेला १७ दिवस होऊन गेले होते आणि बॉस्टनमध्ये कुणाला त्याचा पत्ता नव्हता. गादीवरच्या दुसऱ्या जेम्स राजानं डिसेंबरात देश सोडला. १३ फेब्रुवारी १६८९ ला विल्यम आणि मेरी यांना राजमुकुट देऊ करण्यात आला, ११ एप्रिलला राज्याभिषेक झाला, २४ मे रोजी धार्मिक सवलतीच्या कायद्यावर राजाची मोहोर उठली. हा सगळा काळ सूअल इंग्लंडात होता. तिकडं बॉस्टनमध्ये १८ एप्रिलला लोकांनी उठून अँड्रॉसलाच तुरुंगात टाकलं, आणि ही बातमी समुद्र ओलांडून लंडनला पोचायला उन्हाळा उजाडला. सूअलच्या गावात क्रांती झाली तेव्हा तो लंडनमध्ये होता, आणि लंडनमध्ये क्रांती सुरू झाली तेव्हा बॉस्टनमध्ये. हे वाचकाला माहीत असायलाच हवं, पण ते सूअलच्या तोंडून वदवायचं नाही. माझी पद्धत सांगतो. भाषांतराच्या सुरुवातीला एका पानात तारीखवार घटना द्या, आणि नोंदींच्या मजकुरात तुमचं एक अक्षरही घालू नका. ज्या दिवशी मोठं काही घडलं आणि त्यानं भलतंच काही लिहिलं, त्या दिवशी वाचक मागचं पान उलटून स्वतः पाहील.

तारखांचं त्रांगडं मात्र पूर्ण सोडवावं लागेल, आणि इथं मराठी माणसाला एक सोय आहे. शके, शुहूर सन, फसली आणि इसवी यांची जुळणी करताना जंत्री हाताशी ठेवायची सवय आपल्या इतिहासकारांना पहिल्यापासून आहे. तीच सवय इथं लागते. इंग्लंड आणि त्याच्या वसाहती १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना चालवत होत्या. सतराव्या शतकात ती युरोपातल्या नव्या गणनेच्या १० दिवस मागे होती, १७०० नंतर ११ दिवस. शिवाय त्यांचं कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस जुन्याच वर्षात मोजले जात. गोंधळ टाळायला बरेच जण अशा तारखांपुढं १६८८/९ असं जोडवर्ष लिहीत. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख आणून हे सगळं मिटवलं गेलं.

तुम्ही १३ जानेवारी १६८९ चा वार काढून पाहिलात आणि तो गुरुवार आला, म्हणून सूअलचीच चूक झाली असं टिपलंय. चूक त्याची नाही. आजच्या गणनेनं मागं मोजत गेलं तर तो दिवस २३ जानेवारी ठरतो, आणि २३ जानेवारी १६८९ ला रविवारच होता. अशी वाराची पडताळणी प्रत्येक नोंदीची करा. वार जुळला की तारीख नीट वाचली आहे याची खात्री पटते. मी सुरुवातीच्या काळात एका पत्रसंग्रहातली फेब्रुवारीची १४ पत्रं वर्षभर आधी लावली होती. ती तशीच छापून गेली आणि एका माणसाचं उत्तर त्याच्या प्रश्नाच्या आधी आलं. ते आजही मला बोचतं. पडताळणीत गेलेली एक संध्याकाळ त्याहून कितीतरी स्वस्त.

मराठी वाचकाला हे समजवायला एक तारीख मदतीला येईल. छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानाचा दिवस आपण ११ मार्च १६८९ असा सांगतो. ती तारीख याच जुन्या गणनेतली आहे. फाल्गुन अमावास्येचा तो दिवस आजच्या पद्धतीनं २१ मार्च येतो. महाराष्ट्रावर ती अमावास्या कोसळली तेव्हा सूअल इंग्लंडात होता, आणि इंग्रजांच्या कायदेशीर हिशेबात त्या दिवशी १६८८ साल अजून संपलेलं नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा नाही. पण तळटीपेत हे एवढं सांगितलं तर जोडवर्ष म्हणजे काय ते वाचकाला कायमचं कळेल.

शब्दांकडं वळतो. ‘कंट्री’ म्हटलं की सूअलच्या मनात बहुतेक वेळा मॅसॅच्युसेट्स असतं. तिथं ‘देश’ लिहिलंत तर वाचक इंग्लंड समजेल. कोकणातला माणूस घाटावरच्या मुलखाला ‘देश’ म्हणतो, तसं हे संदर्भावरून ठरवावं लागतं. मी ‘आपला मुलूख’ लिहिलं असतं. ‘कॉर्न’ हा त्याहून फसवा शब्द. इंग्लंडात कॉर्न म्हणजे कुठलंही धान्य, अमेरिकेत मका. हा फरक किती खरा होता ते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांच्या रोजनिशीत दिसतं. १ जुलै १७७४ ला तिसऱ्या जॉर्ज राजाशी त्यांची बराच वेळ मुलाखत झाली आणि ती त्यांनी प्रश्नोत्तरांसह लिहून ठेवली. बोलणं वसाहतीतल्या लोकांच्या भाकरीवर येतं. हचिन्सन सांगतात, राय (गव्हासारखं एक धान्य) आणि कॉर्न मिसळून करतात. राजा विचारतो, ‘कसलं कॉर्न?’ मग त्यांना मका म्हणून उलगडून सांगावं लागतं. नुसत्या मक्याची चांगली होत नाही, लवकर कोरडी पडते, रायमुळं ओलावा राहतो, असंही ते सांगतात. आणि आमच्याकडचे काही शेतकरी गव्हाच्या भावात रायच पसंत करतात हे ऐकून राजाला नवल वाटतं. ज्या राजाच्या नावानं वसाहतीचा कारभार चालायचा, त्याला तिथल्या रोजच्या भाकरीतला शब्द विचारून घ्यावा लागला. मक्याची भाकरी थापलेल्या घरातल्या वाचकाला या नोंदीतलं हचिन्सन यांचं उत्तर अगदी जवळचं वाटेल.

नात्यांचे शब्द तुम्ही सरसकट ‘चुलत भाऊ’ करून टाकलेत, तिथं जास्त वेळ द्या. सूअल ‘कझिन’ म्हणतो तेव्हा तो चुलत, आते, मामे, मावस यांतला कुणीही असू शकतो, बायकोकडचा असू शकतो, त्या काळच्या वापराप्रमाणे पुतण्या किंवा भाचाही असू शकतो. ‘मदर हल’ म्हणजे सासूबाई. त्याच्या सख्ख्या आईशी तिची गल्लत होता कामा नये. ‘ब्रदर’ पुष्कळदा मेहुणा किंवा साडू निघतो. मराठीत नातं मोघम ठेवून भागत नाही, भाषाच विचारते की नक्की कोण. म्हणून वंशावळ समोर ठेवून प्रत्येक माणूस ओळखा. जो ओळखता आला नाही त्याला ‘नातलग’ म्हणा, खोटा चुलत भाऊ करू नका. लंडनमधला एडवर्ड हल हा सासरकडचा नातलग, आणि त्याचा पत्ता ‘ऑल्डगेटच्या आत, हॅट-इन-हँड’ असा येतो. ते गल्लीचं नाव नव्हे. तेव्हा घरांना क्रमांक नव्हते, दुकानावर टांगलेल्या पाटीवरच्या चित्रावरून पत्ता सांगत. ‘हातात टोपी’ची पाटी, असं लिहून मोकळे व्हा. लंडनचा तो रस्ता त्या पाटीनं डोळ्यांपुढं उभा राहतो.

पैशांचं थोडक्यात. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, हे तुम्हाला माहीत आहे. पण बॉस्टनचा शिलिंग आणि लंडनचा शिलिंग एक नव्हते. सूअलच्या सासऱ्यानं पाडलेलं, पाइन वृक्षाचं चित्र असलेलं नाणं इंग्रजी शिलिंगपेक्षा चांदीत पाचव्या हिश्शाहून जरा जास्तच हलकं होतं, आणि जवळजवळ सगळ्या नाण्यांवर वर्ष एकच, १६५२. राजाच्या परवानगीविना चाललेली ही टांकसाळ हा लंडनच्या तक्रारींपैकी एक मुद्दा होता. तेव्हा टांकसाळीच्या जावयानं लंडनमध्ये कुठं काय खर्च केलं ते इंग्रजी चलनात समजा, घरच्या हिशेबात काय लिहिलं ते न्यू इंग्लंडच्या चलनात. आजच्या रुपयांत मात्र करू नका. पाच वर्षांत तो आकडा खोटा पडतो.

माझ्या सगळ्यात आवडत्या दोन नोंदी तुम्ही वगळायच्या यादीत घातल्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडं भांडतो. पहिली माइल एंडच्या ज्यू दफनभूमीची. सूअल ती पाहायला गेला. प्रेतं कुठल्या दिशेला ठेवतात, पूर्वी पूर्व-पश्चिम असायची, आता उत्तर-दक्षिण, हे त्यानं बारकाईनं टिपलंय. मग रखवालदाराला तो म्हणतो, आपली स्वर्गात भेट व्हावी. रखवालदार उत्तर देतो, आणि तिथं बरोबर एक ग्लास बिअर घ्यावी. आणि सूअल शेवटी लिहितो की त्या घडीला आम्ही तेच करत होतो. थोडं थांबून विचार करा. इंग्लंडातून ज्यूंना १२९० मध्ये हाकललं होतं आणि ते परत उघडपणे राहू लागले ते १६५० च्या दशकात. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन घरात वाढलेल्या, बायबल तोंडपाठ असलेल्या माणसानं ज्यू दफनभूमीत उभं राहून रखवालदाराबरोबर बिअर घेतली, आणि स्वर्गातल्या भेटीची गोष्ट दोघांनीही मनापासून काढली. त्यानं याचा कुठलाही अर्थ लावलेला नाही. तुम्हीही लावू नका. दोघांचे संवाद जसेच्या तसे, लहान वाक्यांत ठेवा. ‘मद्यपान’ लिहू नका. बिअर हे तेव्हाचं रोजचं पेय होतं. ‘मद्यपान’ म्हटलं की आपल्याकडं त्याला नैतिक वास येतो आणि सगळा प्रसंग बिघडतो.

दुसरी नोंद टेम्समधल्या पोहण्याची. ‘टेंपल’ नावाच्या घाटावरून तो पाण्यात उतरला, जवळ एक वल्ह्याची होडी थांबवून ठेवली होती, अंगावर चड्डी होती, आणि हे आपल्या प्रकृतीला मानवलं, ताजंतवानं वाटलं, असं तो लिहितो. एवढा गंभीर, प्रार्थनेत बुडालेला माणूस उन्हाळ्याच्या दिवशी भर लंडनच्या नदीत पोहतोय. होडी का थांबवली, चड्डी घातली हे का लिहिलं, यातून त्याचा सावधपणा दिसतो आणि त्याचं सुखही. ज्याला नदीकाठी वाढायला मिळालंय त्याला हे सुख माहीत आहे. ही नोंद गेली तर तुमच्या भाषांतरातला सूअल कायम काळ्या कोटातच राहील.

गाळणं आणि फुलवणं यांनी काय होतं ते दाखवायला दुसऱ्या एका रोजनिशीचं उदाहरण देतो. सॅम्युअल कर्वेन, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमचा व्यापारी आणि न्यायाधीश, राजनिष्ठ, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला गोळीबार होऊन ते युद्ध पेटलं आणि चार दिवसांनी साठीला टेकलेल्या या माणसानं सेलम सोडलं. बायको आली नाही. तिला बंडखोरांपेक्षा समुद्राची धास्ती जास्त. फिलाडेल्फियामार्गे ३ जुलैला तोही डोव्हरलाच उतरला, आणि १७८४ पर्यंत परतू शकला नाही. लंडन, एक्सेटर, ब्रिस्टल असा तो स्वस्त बिऱ्हाडं शोधत हिंडला, पुढं सरकारी मदतीचे वर्षाला १०० पौंड मिळाले म्हणून तगला. ज्या राजासाठी घर सोडलं त्याच्याच देशात त्याला आपण अमेरिकन आहोत हे कळत गेलं. इंग्रज ‘आमच्या वसाहती’ असं ज्या तोऱ्यात म्हणतात, जणू आमची माणसं आणि मालमत्ता म्हणजे जुन्या सरंजामदारांची बांधील कुळंच, ते ऐकून माझा अभिमान दुखावतो, असं तो १७७६ मध्ये लिहितो. राजनिष्ठाच्या लेखणीतून हे वाक्य येतं म्हणूनच ते इतकं वजनदार आहे.

कर्वेनची रोजनिशी त्याच्या घराण्यातल्या जॉर्ज ॲटकिन्सन वॉर्ड यांनी १८४२ मध्ये छापली आणि ती खूप वाचली गेली. पण वॉर्डनी काटछाट केली, भाषा सभ्य आणि गुळगुळीत केली. १९७२ मध्ये अँड्र्यू ऑलिव्हर यांनी हस्तलिखितावरून दोन खंडांत ती नव्यानं दिली, तेव्हा १३० वर्षं लोक पुष्कळ अंशी वॉर्डचा कर्वेन वाचत होते हे उघड झालं. मराठी वाचकाला हे नवीन नाही. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चं तेच झालं. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ते आपल्या संस्करणासह छापलं आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी दिला १९६६ मध्ये. वॉर्ड आणि वैद्य, दोघांनीही प्रेमानंच केलं होतं, वाचकाला रुचावं म्हणून. तुमचा हेतूही तोच आहे, हे मला दिसतं. म्हणूनच इतकं लांबून सांगतोय.

आणखी एक मोह येईल. १६९२ मध्ये सेलमच्या चेटूक खटल्यांत सूअल न्यायाधीशांपैकी एक होता. १४ जानेवारी १६९७ ला उपवासाच्या दिवशी तो चर्चमध्ये सर्वांसमोर उभा राहिला आणि त्या खटल्यांतल्या दोषाची त्याची कबुली धर्मोपदेशकानं वाचून दाखवली. त्या न्यायाधीशांत चारचौघांत अशी जबाबदारी घेणारा तो एकटाच. १७०० मध्ये त्यानं गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका छापली. त्याच न्यायासनावर जोनाथन कॉर्विन बसले होते, आणि ते आपल्या सॅम्युअल कर्वेनचे आजोबा. हे सगळं प्रस्तावनेत जरूर सांगा. पण १६८९ च्या नोंदींत पुढच्या अपराधाच्या किंवा पश्चात्तापाच्या खुणा शोधू नका. माइल एंडला बिअर घेणाऱ्या माणसाला तीन वर्षांनी काय होणार ते ठाऊक नव्हतं, आणि रोजनिशी वाचताना आपल्यालाही ते तेवढ्यापुरतं विसरता आलं पाहिजे.

पाठ कुठला धरायचा हेही विचारलं होतंत. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीनं १८७८ ते १८८२ मध्ये तीन खंडांत छापलेला पाठ इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यावर काम सुरू करायला हरकत नाही. एम. हॅल्सी टॉमस यांची १९७३ ची दोन खंडांची आवृत्ती मात्र मिळवाच, नातलग ओळखायला तिच्या टिपांचा आधार लागेल. दोन्ही ठिकाणी शब्द वेगळा दिसला तर तो वहीत टिपून ठेवा, मनानं एक निवडू नका.

पुढच्या खेपेला मला पूर्ण मसुदा पाठवू नका. चारच नोंदी पाठवा: पेस्टीची, माल्ट-हाउसची, माइल एंडची आणि टेम्सची. प्रत्येकीवर जुनी तारीख, कंसात नवी तारीख आणि वार लिहा. मुळात जितकी वाक्यं आहेत तितकीच मराठीत ठेवा. त्या चार जमल्या की बाकीच्यांचा सूर तुम्हाला सापडेल, आणि कँटरबरीच्या ‘उपयोग’ शब्दावर आपण तेव्हा निवांत बसून बोलू.